लांब पल्ल्याची गाडी तयार करताना : प्रस्तावना

हे पुस्तक स्पोर्ट-टूरिंग मोटरसायकलींवर आहे. त्यांची निगा कशी राखायची, आणि कंपनीने न दिलेलं सामान बाहेरून घेऊन बसवायचं झालं तर कोणतं, कशासाठी आणि कितपत, एवढाच त्याचा विषय. लिहिताना डोळ्यांसमोर होती ती बेंगळुरूत नोकरीधंद्यासाठी स्थिरावलेली मराठी मंडळी. गणपतीला, दिवाळीला किंवा नुसती सलग सुट्टी आली म्हणूनही ही मंडळी मोटरसायकल काढतात आणि राष्ट्रीय महामार्ग ४८ ला लागतात. बेळगाव पाचशे किलोमीटर, कोल्हापूर सहाशेच्या थोडं पुढे, पुणे साडेआठशेच्या आत. तुमकूर, चित्रदुर्ग, दावणगेरे, हावेरी, हुबळी, धारवाड असा हा रस्ता. पहाटे निघालं तर बेळगावकराला संध्याकाळी घरचा चहा मिळतो. मात्र त्यासाठी गाडी दिवसभर कुरकुर न करता चालायला हवी आणि उतरल्यावर माणसाची पाठ, मनगटं आणि कान शाबूत राहायला हवेत.

या दोन गोष्टी साधणाऱ्या गाडीलाच स्पोर्ट-टूरर म्हणतात. बसण्याची ढब थोडी पुढे झुकलेली, पण मनगटावर भार न टाकणारी. पुढे वारा अडवणारं आवरण. इंजिनात एवढी ताकद की सामान आणि मागे माणूस असतानाही ओव्हरटेक करताना धाकधूक होऊ नये. आणि घाटात आडवी पाडली तरी विश्वासाने वळेल अशी चौकट. कारखान्यातून पूर्ण फेअरिंग घेऊन निघालेली १९७६ ची बीएमडब्ल्यू आर १०० आरएस ही या जातीची पहिली मोठी गाडी मानली जाते. पण तिच्याही आधी अमेरिकेत क्रेग व्हेटर नावाच्या माणसाने विंडजॅमर नावाची फेअरिंग बनवून विकायला सुरुवात केली होती, आणि ती कोणत्याही कंपनीच्या गाडीला बसवता येत असे. इटलीत ज्युसेप्पे व्हिसेंझी हा ग्रांप्री शर्यतींतला जुना स्वार १९७८ मध्ये सामानाच्या पेट्या आणि विंडशील्ड बनवू लागला. त्याचीच ती आजची गिव्ही. म्हणजे लांबच्या प्रवासाची गरज आधी चालवणाऱ्यांना कळली, त्यांनी ती बाहेरच्या सामानाने भागवली, आणि कारखाने मागाहून तिथे पोचले. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण आपल्याकडेही अगदी तेच घडलं.

२००३ मध्ये हिरो होंडाची करिझ्मा आली. २२३ सीसी, अर्धी फेअरिंग, आणि महामार्गावर शंभरच्या आसपास निवांत धावणारं इंजिन. तेव्हाच्या तरुणांनी तिलाच टूरर मानलं आणि लडाखपर्यंत नेलं. २०११ मध्ये होंडाची सीबीआर २५० आर आली, लिक्विड कूलिंग आणि हवं तर एबीएस घेऊन. २०१६ च्या डिसेंबरात बजाजची डॉमिनर, २०१७ च्या डिसेंबरात टीव्हीएसची अपाचे आरआर ३१०. यातल्या एकाही गाडीला मुळात सामान लावायची धड सोय नव्हती. कॅरिअर, सॅडल स्टे, उंच व्हायझर, हँडगार्ड, चार्जिंगचा सॉकेट, सगळं लोकांनी स्वतः जमवलं. मग २०२१ मध्ये बजाजने डॉमिनर ४०० ला हेच सगळं कारखान्यातूनच बसवून द्यायला सुरुवात केली आणि त्याच वर्षी टीव्हीएसने आरआर ३१० साठी ‘बिल्ट टू ऑर्डर’ योजनेत अ‍ॅडजस्ट करता येणारं सस्पेन्शन देऊ केलं. गिऱ्हाइकांनी गॅरेजमध्ये उभं राहून जे शोधून काढलं होतं, ते कंपन्यांच्या कॅटलॉगात शिरलं.

यात बेंगळुरूचा वाटा मोठा आहे, आणि त्याला कारणं आहेत. शहरापासून चाळीसेक किलोमीटरवर, तमिळनाडूच्या हद्दीत होसूरला टीव्हीएसचा कारखाना. आरआर ३१० आणि बीएमडब्ल्यूच्या ३१० सीसी गाड्या तिथेच बनतात. दुसऱ्या बाजूला म्हैसूर. तिथे १९६१ पासून आयडियल जावाच्या जावा आणि पुढे येझदी बनत होत्या. १९९६ मध्ये तो कारखाना बंद पडला, पण गाड्या बंद पडल्या नाहीत. सुटे भाग मिळेनासे झाल्यावर बेंगळुरू-म्हैसूरच्या मिस्त्र्यांनी लेथवर बुश काढले, जुन्या गाड्या फोडून नव्या उभ्या केल्या, छोट्या कारखानदारांनी पिस्टनपासून मडगार्डपर्यंत माल काढला. कंपनी पाठीशी नसताना गाडी चालू ठेवण्याची विद्या या शहराने तिथे कमावली. आजही बेंगळुरूतले येझदीवाले एकत्र जमतात तेव्हा त्या गाड्यांचा आवाज ऐकण्यासारखा असतो, आणि त्यातली एकेक गाडी हा कुणा मिस्त्र्याच्या हाताचा दाखला असतो.

पुण्याकडे जाणारा रस्ता शहर सोडतानाच पीण्या औद्योगिक वसाहतीला घासून जातो. आशियातल्या मोठ्या वसाहतींत तिची गणना होते. सीएनसी मशीन, पावडर कोटिंग, ट्यूब बेंडिंग, सगळं तिथे मिळतं. त्यामुळे क्रॅशगार्डचा किंवा पेटीच्या ब्रॅकेटचा नमुना सुचल्यापासून तो हातात येईपर्यंत फार दिवस जात नाहीत. सुट्या भागांसाठी जे. सी. रोड आणि कलासिपाळ्य, जुन्या मालासाठी शिवाजीनगरची गुजरी. आणि डोकं चालवणारे इंजिनिअर तर या शहरात गल्लोगल्ली. त्यातूनच व्हायाटेरासारखी प्रवासी बॅगा बनवणारी आणि रेस डायनॅमिक्ससारखी इंजिनच्या ईसीयूवर काम करणारी कंपनी इथे उभी राहिली. जाता जाता एक सांगतो. शिवाजीनगरच्या मिस्त्र्यांची दखनी सोलापूर-लातूरकडच्या माणसाच्या कानाला परकी वाटत नाही. कन्नड येत नाही म्हणून तिकडे जायला बिचकू नका; चार शब्द कन्नडचे शिका, बाकीचं दखनीत निभतं.

तर सामान मिळतं, बसवणारे मिळतात, पैसेही बऱ्याच जणांकडे आहेत. कमी पडते ती एक गोष्ट, आणि तीच सांगण्यासाठी हे पुस्तक लिहिलं. गाडीला बाहेरून लावलेली प्रत्येक वस्तू गाडीकडून काहीतरी घेते. दिवे वीज घेतात, पेट्या तोल घेतात, रेडिएटर गार्ड वारा घेतो, हँडलचे रायझर केबलची ढील घेतात. गाडीकडे द्यायला शिल्लक आहे का, हे आधी पाहायला हवं. आणि ते पाहायचं तर गाडीची देखभाल चोख असायला हवी. घासलेल्या ब्रेक पॅडच्या गाडीला वीस हजारांच्या पेट्या लावलेल्या मी अनेकदा पाहतो आणि मला खरोखर काळजी वाटते. म्हणून या पुस्तकाचा पहिला अर्धा भाग देखभालीचा आहे. तो ओलांडून थेट दिव्यांच्या प्रकरणावर उडी मारू नका.

बेंगळुरूच्या गाडीची देखभाल किलोमीटरवर मोजली तर फसगत होते. सिल्क बोर्ड, हेब्बाळ, मराठहळ्ळी इथल्या कोंडीत दहा किलोमीटरला तास लागतो. त्या तासात इंजिन चालू, पंखा चालू, क्लच अर्धा दाबलेला, आणि गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरच्या पुढे जात नाही. मीटरवर दहा किलोमीटर पडतात, पण ऑइल तासाभराचं शिजतं. सर्व्हिस मॅन्युअलमध्ये खडतर वापरासाठी ऑइल लवकर बदलायला सांगितलेलं असतं. ते वाक्य आपल्यासाठीच आहे असं समजा. ऑइल घेताना डब्यावर जेएएसओ एमए किंवा एमए-२ असं लिहिलेलं पाहा. मोटरसायकलचा क्लच ऑइलमध्येच बुडालेला असतो; गाडीचं अ‍ॅव्हरेज वाढावं म्हणून घर्षण कमी करणारी द्रव्यं घातलेलं मोटारीचं ऑइल ओतलं की क्लच प्लेटा घसरू लागतात. चढावर ॲक्सिलरेटर पिळला, इंजिन ओरडलं आणि गाडी पुढे सरकली नाही, तर बहुतेक वेळा दोष इथे सापडतो.

चेनबद्दल जरा सविस्तर लिहिलं आहे, कारण सर्वांत जास्त हयगय तिचीच होते. गाडी पॅडॉक स्टँडवर घ्या, गिअर न्यूट्रलला आणि इंजिन बंद. चाक हाताने फिरवत चेनचा ताण जागोजागी बोटाने पाहा. चेन सगळीकडे सारखी झिजत नाही. एका ठिकाणी ती ताठ असते, दुसरीकडे ढिली. ताण मोजायचा तो सर्वांत ताठ जागी. बहुतेक गाड्यांत खालच्या बाजूला पंचवीस-तीस मिलिमीटरच्या आसपास ढील असते, नेमका आकडा आणि तो स्टँडवर मोजायचा की जमिनीवर, हे तुमच्या मॅन्युअलमध्ये आहे. मग मागच्या स्प्रॉकेटच्या अगदी पाठीमागच्या बिंदूला चेन चिमटीत धरून मागे ओढा. ती दातावरून उचलली जाऊन निम्मा दात दिसू लागला तर चेन गेली. दात एका बाजूला वाकलेले, शार्कच्या पंखासारखे झाले असतील तर स्प्रॉकेटही गेलं. बदलायचं तर दोन्ही स्प्रॉकेट आणि चेन असा पूर्ण सेट. जुन्या दातांवर नवी चेन काही महिन्यांत झिजते.

ढील कमी ठेवणं ही चूक जास्त महाग पडते. मागे माणूस आणि पेट्या आल्या की सस्पेन्शन दबतं, स्विंगआर्म वर जातो आणि चेन आणखी ताणली जाते. आधीच ताठ असेल तर तो सगळा ओढा गिअरबॉक्सच्या बाहेरच्या शाफ्टच्या बेअरिंगवर येतो. ते बेअरिंग बदलायला कित्येक गाड्यांत इंजिन फोडावं लागतं. साफसफाईसाठी पेट्रोल वापरू नका, ओ-रिंग कडक होतात. रॉकेल किंवा चेन क्लीनर, मऊ ब्रश, फडकं, आणि मग लूब किंवा नव्वद नंबरचं गिअर ऑइल. लूब लावायचं ते प्रवास संपवून आल्यावर, चेन गरम असताना. रात्रभर ते आत मुरतं. निघताना फवारलं तर अर्धं रिमवर उडतं.

शिराडी, चारमाडी, आगुंबे, चोर्ला, आंबोली. बेंगळुरूहून किनाऱ्याकडे किंवा कोकणाकडे उतरायचं तर असा कुठला तरी घाट लागणारच. भरल्या गाडीने उतरताना ब्रेक सतत लागतो, कॅलिपर तापतो आणि ती उष्णता ब्रेक ऑइलपर्यंत पोचते. डॉट ४ प्रकारच्या ताज्या ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो. पण हे ऑइल हवेतलं पाणी शोषतं, आणि पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मुरलं की तोच बिंदू १५५ अंशांपर्यंत खाली येऊ शकतो. उकळलेल्या ऑइलमध्ये वाफेचे बुडबुडे होतात, बुडबुडे दाबले जातात, आणि लिव्हर हँडलला टेकला तरी गाडी थांबत नाही. दर दोन वर्षांनी ब्रेक ऑइल बदलायला काही शे रुपये लागतात. स्टीलची वेणी असलेले ब्रेक होस बसवायचा विचार असेल तर जरूर बसवा, पण ते जुन्या ऑइलवर बसवून काही साधत नाही. पॅडच्या बाबतीत मूळ कंपनीचाच माल घ्या असं मी आग्रहाने सांगेन. केटीएम, डॉमिनर, आरआर ३१० यांवर येणारे बायब्रेचे ब्रेक हे ब्रेम्बोचेच छोट्या गाड्यांसाठीचे रूप आहे आणि ते पुण्याजवळ बनतात; डुप्लिकेट माल घ्यायला निमित्तच उरत नाही.

टायरच्या प्रकरणात दोन गोष्टी ठळकपणे मांडल्या आहेत. एक, टायरच्या बाजूला चार आकडी तारीख असते. ३२२४ म्हणजे २०२४ सालचा बत्तिसावा आठवडा. दुकानात पडून जुना झालेला टायर सवलतीत मिळतो, तो लांबच्या रस्त्यासाठी घेऊ नका. दुसरी गोष्ट रुंदीची. मागचा टायर जाड दिसावा म्हणून मूळ १५० चा काढून १६० किंवा १७० चढवण्याची हौस आपल्याकडे फार. चार इंची रिम १५० च्या टायरसाठी असते. तिच्यावर आणखी रुंद टायर चढवला की तो कडांनी आवळला जातो, त्याचा माथा टोकदार होतो, वळणात गाडी आधी जड लागते आणि मग अचानक पडते. पाहायला छान, चालवायला वाईट. मूळ मापाचा, चांगल्या रबराचा रेडियल टायर हा माझ्या मते संपूर्ण गाडीतला सर्वांत मोलाचा अपग्रेड आहे. दाब थंड टायरवर मोजायचा आणि सामान असेल तर मॅन्युअलमधला दोघांसाठीचा आकडा धरायचा, हेही सोबत आलंच.

आता बाहेरचं सामान. इथे माझी बाजू उघड आहे. २०१८ च्या केंद्राच्या अधिसूचनेप्रमाणे चौपदरी महामार्गावर मोटरसायकलची कमाल वेगमर्यादा ताशी ८० किलोमीटर आहे, आणि बेंगळुरू-म्हैसूर द्रुतगती मार्गाच्या मुख्य पट्ट्यावर तर १ ऑगस्ट २०२३ पासून दुचाकींना प्रवेशच नाही. आपण सर्व्हिस रोडने जातो. अशा रस्त्यांवर आणखी चार-पाच हॉर्सपॉवर मिळवण्यासाठी सायलेन्सर आणि ईसीयूवर खर्च करण्यात मला अर्थ दिसत नाही. तोच पैसा सीट, सस्पेन्शन, प्रकाश आणि वाऱ्यापासूनचं संरक्षण यांत घाला. दहा तासांनी गाडीवरून उतरताना फरक कळतो.

विंडस्क्रीन जितका उंच तितका चांगला, असा समज आहे. तसं नाही. स्क्रीनच्या वरच्या कडेवरून उसळलेली हवा थेट हेल्मेटवर आदळली तर डोकं तासन् तास थरथरतं आणि कान बधिर होतात. कमी उंचीचा स्क्रीन पुष्कळदा शांत असतो, कारण हवा छातीवर लागते आणि डोक्यापर्यंत सरळ वाहत येते. नजर कडेच्या दोन-तीन बोटं वरून जायला हवी. पावसात स्क्रीनला वायपर नसतो. त्यातूनच पाहावं लागणार असेल तर रात्रीच्या सरींत रस्ता दिसणारच नाही. बेंगळुरूत सप्टेंबर-ऑक्टोबरात धो धो कोसळतो, आणि नेमक्या त्याच दिवसांत आपण गावी निघतो.

दिव्यांचं गणित मात्र प्रत्येकाने स्वतः मांडावं. चाळीस वॅटचे दोन एलईडी दिवे म्हणजे ऐंशी वॅट, म्हणजे बारा व्होल्टवर सहा-सात अँपिअर. हा प्रवाह हँडलवरच्या छोट्या बटणातून नेला तर बटण वितळतं. म्हणून रिले. बटणातून फक्त रिलेच्या गुंडाळीपुरता नगण्य प्रवाह जातो, आणि दिव्यांचा प्रवाह बॅटरीतून जाड वायरीने, फ्यूजमधून, रिलेमार्गे थेट दिव्यांकडे. फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत हवा. तो दिव्याजवळ लावला तर मधली सगळी वायर उघडीच राहते आणि फ्रेमला घासून शॉर्ट झाली तर तिला कोणी अडवणारा नसतो. वायर कापून, पिळून, वर टेप गुंडाळणारा मिस्त्री कितीही ओळखीचा असला तरी त्याला थांबवा. कपलर आणि क्रिम्पिंगने काम करून घ्या. वॉरंटीचा दावा फेटाळायला कंपनीला एक कापलेली वायर पुरते. शिवाय गाडीचं स्वतःचं जनरेटर किती वीज देतं ते आधी पाहा. हेडलाइट, ईसीयू, फ्युएल पंप आणि रेडिएटरचा पंखा आपला वाटा आधी घेतात, आणि कोंडीत इंजिन मंद फिरत असताना उरलेली वीज अगदी थोडी असते.

त्या दिव्यांचं तोंड खाली, रस्त्याच्या डाव्या कडेला असावं, आणि शहरात त्यांवर झाकण. समोरच्याचे डोळे दिपवणाऱ्या एलईडी दिव्यांविरुद्ध कर्नाटक पोलिसांनी २०२४ च्या जुलैत राज्यभर मोहीम उघडली, आणि ती योग्यच होती. सामान भरल्यावर गाडीची मागची बाजू बसते आणि मूळ हेडलाइटही वर पाहू लागतो. तोही निघण्याआधी खाली करायचा असतो, हे फार कमी जण करतात.

हँडल उंच करायचे रायझर बसवल्यावर एक तपासणी चुकवू नका. इंजिन चालू ठेवा, न्यूट्रलमध्ये, आणि हँडल दोन्ही बाजूंना टोकापर्यंत वळवा. आरपीएम वाढले तर ॲक्सिलरेटरची केबल ताणली जातेय. अशा गाडीने घाटातल्या आवळत्या वळणावर हँडल वळवलं की गाडी आपोआप वेग घेईल. ब्रेकचा होस ताणला जातोय का तेही तेव्हाच पाहा. पेट्यांच्या बाबतीत जड वस्तू खाली आणि पुढे, सॅडल बॅगमध्ये. मागच्या टॉप बॉक्समध्ये रेनकोट आणि हलकं सामान. मागच्या आसाच्याही मागे टांगलेलं वजन पुढचं चाक हलकं करतं, आणि वेग वाढला की हँडल डुलायला लागतं. वजन वाढलं की मागच्या सस्पेन्शनचा प्रीलोडही वाढवायचा. तुम्ही आणि सामान बसल्यावर सस्पेन्शन त्याच्या एकूण चालीच्या साधारण एक-तृतीयांश दबलं पाहिजे. दोन माणसं आणि एक टेप असली की हे घरच्या पार्किंगमध्ये मोजता येतं.

कायद्याचं प्रकरण छोटं आहे, पण ते वाचाच. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीपत्रातल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल गाडीत करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये केरळमधल्या एका प्रकरणात हेच ठामपणे सांगितलं. आवाजाच्या आणि धुराच्या मर्यादा मोडणारी गाडी चालवल्यास कलम १९०(२) खाली पहिल्याच वेळी दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, शिवाय तीन महिने लायसन्स रद्द. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून बसवलेला कर्कश सायलेन्सर या कक्षेत येतो. कायदा बाजूला ठेवला तरी पहाटे पाच वाजता नंदी हिल्सकडे निघताना गल्लीतल्या म्हाताऱ्या माणसांची झोप मोडण्याचा आपल्याला अधिकार नाही.

इंधनावर स्वतंत्र टीप आहे. ई-२० पेट्रोलचा शुभारंभ ६ फेब्रुवारी २०२३ ला बेंगळुरूतच झाला आणि आता पंपांवर सर्रास तेच मिळतं. इथेनॉल पाणी ओढून घेतं. महिना महिना पार्किंगमध्ये उभ्या राहणाऱ्या, विशेषतः २०२३ च्या आधीच्या गाड्यांना याचा त्रास होऊ शकतो: टाकी आतून गंजते, रबरी नळ्या फुगतात किंवा चिरतात. गाडी उभी ठेवायची तर टाकी काठोकाठ भरून ठेवा, आणि दर सर्व्हिसिंगला पेट्रोलची नळी बोटाने दाबून पाहायला सांगा.

मिस्त्र्यांविषयी एक शब्द. अधिकृत सर्व्हिस सेंटर की बाहेरचा मिस्त्री, या वादात मी पडत नाही. वॉरंटी असेपर्यंत पहिलं, नंतर ज्याच्याकडे टॉर्क रेंच आहे आणि जो ती वापरतो तो. ॲल्युमिनियमच्या इंजिनात बोल्ट अंदाजाने आवळले की आटे जातात, आणि ऑइलचा ड्रेन बोल्ट हे त्याचं नेहमीचं ठिकाण. कामाची यादी कागदावर लिहून द्या, बदललेले जुने भाग परत मागा, आणि चांगल्या कामाचे पैसे घासाघीस न करता द्या. जो मिस्त्री ‘हे आत्ता बदलायची गरज नाही’ असं सांगतो, त्याला धरून ठेवा.

काय नाही तेही सांगतो. या पुस्तकात इंजिनची ताकद वाढवण्याच्या युक्त्या नाहीत, शर्यतीच्या गाड्या नाहीत, आणि कोणत्या कंपनीची पेटी घ्यावी याची क्रमवारी नाही. माल बदलतो, किमती बदलतात, दर्जाही बदलतो. परीक्षा कशी करायची ते दिलं आहे. विजेच्या मोटरसायकलींना हात लावलेला नाही. बेंगळुरूतच त्या बनतात आणि रस्त्यावर दिसतातही, पण लांब पल्ल्याची त्यांची देखभाल हा वेगळ्या पुस्तकाचा विषय आहे.

शेवटच्या प्रकरणानंतर एक कोरा तक्ता छापला आहे. पुढच्या-मागच्या टायरचा दाब, एकट्याने आणि दोघांनी, चेनची ढील, ऑइलचा ग्रेड आणि माप, मागच्या आसाच्या नटाचा आणि ड्रेन बोल्टचा टॉर्क, प्रीलोडची मूळ जागा, जनरेटरचे वॅट, ब्रेक ऑइल आणि कूलंट बदलल्याची तारीख. पुस्तक वाचायला घेण्याआधी गाडीचं मॅन्युअल काढा, हा तक्ता पेनाने भरा आणि त्याचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. नवं सामान मागवायचं ते त्यानंतर.